झोळीचं वजन

पारूबाईच्या तोंडाला गाव भीत असे. ती रस्त्यानं निघाली की पारावरची माणसं विड्या मागं लपवतात, असं लोक सांगायचे. त्यात थोडं तिखटमीठ असेल, पण राग खरा होता. "वजन केलं की लेकरू वाळतं" हे वाक्य कानावर आलं, की त्या रागाचा भडका उडायचा. कागलपासून दोन कोसांवरच्या या गावात १९९१ साली अंगणवाडी आली. बौद्धवाड्यातली दहावी शिकलेली पारूबाई सेविका म्हणून लागली, तेव्हा आया पोरांना पदराखाली दडवून घरात बसायच्या. ही दारात उभी राहून ओरडायची, "वजनानं न्हाय वाळत, उपाशी ठेवल्यावर वाळतंय! आण हिकडं!"

समाजमंदिराच्या तुळईला तिनं काटा टांगला होता. कापडाच्या झोळीत पोर बसवायचं, काटा ठरला की आकडा वाचायचा, त्यातून झोळीचे तीनशे ग्रॅम वजा करायचे आणि पोराच्या तक्त्यावर ठिपका द्यायचा. दर महिन्याचा ठिपका मागच्याला जोडला की रेघ होते. रेघ चढली तर पोर वाढतंय, खाली आली तर धावपळ करायची. अगदी खालच्या पट्ट्यात गेलेल्या पोराला अंगणवाडीत शिजणारी सुकडी दुप्पट मिळायची आणि डॉक्टर येऊन बघायचा. इतकं सरळ काम होतं. पण सरळ काम सरळ होऊ देतील तर त्या कचेऱ्या कसल्या!

१९९३च्या पावसाळ्यात शेजारच्या निशाची प्रीती झोळीत बसली. वय दोन वर्षं. काटा सात किलो सातशेवर थांबला. झोळी वजा जाता सात चारशे, म्हणजे खालचा पट्टा. नेमक्या त्या दिवशी तपासणीला आलेल्या विमलाबाई मागं खुर्चीवर बसल्या होत्या.

"खालच्या पट्ट्यात एकही पोर नको या महिन्यात," त्या म्हणाल्या. "वरून विचारतात. झोळी वजा करू नकोस, झालं. एका महिन्याचा तर प्रश्न."

अख्ख्या गावाला फाडून खाणारी पारूबाई त्या दिवशी गप्प बसली. नोकरी नवी होती. मागच्या दाराशी निशा उभी होती, शेतात भांगलणीला जायची घाई असलेली. तिनं विचारलं, "बरं हाय न्हवं, आक्का?" पारूबाईनं मान हलवली आणि ठिपका वर दिला.

पुढच्या महिन्यात खरं लिहायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण एकदा वर चढवलेली रेघ एकदम खाली आणायची, तर मध्ये पोराला काय झालं ते लिहावं लागतं. काय लिहिणार होती ती, कपाळ? मग त्याही महिन्यात झोळी वजा झाली नाही. असे चौदा महिने गेले. दुप्पट सुकडी दुसऱ्यांच्या पोरांना मिळाली, प्रीतीला एका वाटीवर भागवलं.

प्रीती मेली नाही, म्हणून कुणी काही विचारलं नाही. ती उशिरा चालली, उशिरा बोलली. शाळेत सातवीपर्यंत पहिल्या बाकावर बसायची, कारण मागं बसली तर पुढच्यांच्या डोक्यांआड फळा दिसायचा नाही. नवे गुरुजी आले की तिला चौथीच्या वर्गात पाठवायचे आणि पोरं हसायची. प्रार्थनेला उभी राहिली की भोवळ यायची. पारूबाईला ती रस्त्यात दिसली, की त्या दिवशी दुसऱ्या कुणाची तरी खरडपट्टी निघायची. आठवीत शाळा सुटली. सतरा पुरी झाली न झाली तोच तिला गारगोटीकडं दिली. तेव्हा पारूबाई निशाच्या दारात जाऊन भांडली, पण पत्रिका वाटून झाल्या होत्या.

२००९ साली प्रीती बाळंतपणाला माहेरी आली ती राहिलीच. मुलगी झाली म्हणून सासरचं कुणी न्यायला आलं नाही. नऊ महिन्यांची पोर घेऊन ती समाजमंदिरात आली, तेव्हा तपासणीच्या खुर्चीवर विमलाबाईंच्या जागी आलेल्या अदिती मॅडम होत्या. काटा तोच होता आणि झोळीही तसल्याच कापडाची. पाच किलो नऊशे.

"मधल्या, पिवळ्या पट्ट्यात बसते," मॅडम चटकन म्हणाल्या.

"झोळी जायची हाय अजून."

"पारूबाई, गाव कुपोषणमुक्त म्हणून आपण नाव पाठवलंय. झोळीसकट लिहा की. एका महिन्याचा तर प्रश्न."

पारूबाईनं पेन उचललं. "एक महिना?" ती इतक्या मोठ्यानं ओरडली, की बाहेर खेळणारी पोरं दारात गोळा झाली. "सोळा वर्सं झाली त्या एका महिन्याला! हितं हुबी हाय, बघा! ही बसलीवती असल्याच झोळीत!" तिनं ठिपका असा रोवला, की कागदाला भोक पडलं. पाच सहाशे.

"नोटीस येईल," मॅडम म्हणाल्या.

"येऊ दे. चौकटीत लावते."

मॅडम आपली वही आवरून निघून गेल्या. प्रीती पोरीला छातीशी धरून उभी होती. "मावशी, माझं काय झालतं?"

पारूबाईनं सांगितलं. तक्ता, झोळी, चौदा महिने. नोकरीचं कारण सांगायला लागली आणि मध्येच थांबली.

प्रीती रडली नाही. ती पारूबाईच्या खांद्याइतकीही उंच नव्हती, पण तिनं मान वर करून रोखून बघितलं. "आईनं इचारलंतं की तुमास्नी. म्हणायची, आक्कानं बघितलंया, तवा बरंच असणार."

 पारूबाईनं सुकडीच्या पातेल्यावरचं झाकण काढलं, पोरीच्या नावावर दुप्पट लिहिलं आणि डबा मागितला. प्रीतीनं डबा पुढं केला, पण पोरीचं घातल्यावर मागं घेतला नाही.

"माझं बी घाला," ती म्हणाली. "ऱ्हायलंया माझं."

वहीत प्रीतीचं नाव नव्हतं. पारूबाईनं डबा काठोकाठ भरला आणि वही मिटून ठेवली.