दुसऱ्यांदा लाटलेले पापड

१० मार्च १९८२. लग्नघरचे पापड परवा द्यायचे होते आणि मी एकटीच लाटत होते. कामाच्या चौघीजणी आल्याच नव्हत्या. आंजीहून रोज येणारी भाजीवाली ओट्यावर टेकली. गिऱ्हाईक वांगी निवडत असलं की ती हात मांडीवर ठेवून गप्प बसते.

"आज एकट्याच, बाई?"

"का आल्या नाहीत, कळत नाही."

"मी रोज पाहून राह्यली. त्याईनं लाटलेला पापड तुमी पुन्हा लाटता. मंग त्या कायले येतीन?"

राग आला, पण ते खरं होतं. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. उपकार मात्र मानते.

११ मार्च. सकाळी चौघींना घरी जाऊन बोलावून आणलं. त्यांच्यातल्या थोरलीला म्हटलं, "पापड तू पारखायचे." आणि मी लाट्या करायला बसले.