बाबल परबाचा तैवानी कारभार

बाबल परब आमच्या मालवणाकडचा. बहारीनच्या मीना सलमान बंदरात एका जपानी कंपनीच्या क्यांपात मुकादम होता, मेसही तोच बघायचा. शहात्तर साली मेसमध्ये जेवणावरून रोज कोणी ना कोणी त्याच्याशी भांडायचं. इंजिनियर तनाकासाहेबाने बजावलं, आणखी एक भांडण झालं तर मुकादमी खलास.

वर साहेबाने गोष्टही सांगितली. गोतो शिम्पेई नावाचा डॉक्टर जपानच्या ताब्यातल्या तैवानचा कारभारी झाला, पुढे मंत्री आणि तोक्योचा महापौरही. तैवानात त्याने लोकांच्या चालीरीती लिहून काढल्या आणि त्या धरून कारभार केला.

बाबल वही घेऊन खाटोखाट फिरला. "तुमची रीत काय ता सांगा."

"जेवलं की तुला शिव्या घालायच्या," साताऱ्याचा ज्ञानू म्हणाला.

"माझी पण तीच रे," देवगडचा दाजी म्हणाला. "मीठ कमी आसला तरी, नि जास्त आसला तरी."

चाळीस जणांची रीत एकच निघाली. बाबलने भिंतीवर नियम लावला: मुकादमाला शिव्या शुक्रवारी जेवणानंतर अर्धा तास, एरवी बंद.

महिनाभर भांडण नाही. मुकादमी टिकली. एका शुक्रवारी तनाकासाहेब बघायला आला, नियम समजून घेतला आणि गुपचूप शिव्या घालणाऱ्यांच्या रांगेत शेवटी उभा राहिला.