मागुरांवरची बोटं

निजामाच्या राज्यात तेरला आमचं भोयाचं घर. तेरणा आटायच्या आधी मामंजी, म्हणजे माझे सासरे, मागूर मासे जिवंत धरून आणायचे आणि परसातल्या दगडी हौदात पाळायचे. उन्हाळाभर नदीत काही मिळत नसे, तेव्हा हा हौदच घराला पोसायचा. म्हणून त्या वर्षी माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले, तेव्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. चट्ट्याची जखम व्हायची, आतलं मांस सडून भुसभुशीत व्हायचं आणि मासा पोट वर करून तरंगायचा.

दोष कुणाचा? सासूबाईंनी निकाल दिला, की मी बाहेरची असताना माझी सावली पाण्यावर पडली. नवी सून, मी काय बोलणार? हौदाकडे फिरकायचं नाही, असा हुकूम झाला. वीस दिवस फिरकले नाही. मासे मरतच राहिले आणि दोषही माझ्याच नावावर राहिला. नुसता संताप व्हायचा.

मेलेले मासे पुरायचं काम मात्र माझंच. तिथं कुणाला विटाळ आडवा येत नसे. पुरता पुरता लक्षात आलं, की प्रत्येकाची जखम डोक्यामागेच आहे. एका बाजूला एक मोठी, दुसऱ्या बाजूला चार लहान. मामंजींना मासे दाखवायची भारी हौस. पाटलाचा पाहुणा येवो की चौकीवरचा जमादार, मागूर निसटू नये म्हणून ते चुलीतली राख हाताला चोळणार आणि मूठ आवळून त्याला वर काढणार. राखेनं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडून निघायचा आणि दोन-चार दिवसांनी तिथंच सडायला लागायचं.

शेवटी एक दिवस धीर करून मेलेला मासा त्यांच्यापुढे ठेवला.

"मामंजी, ह्यो माज्या सावलीचा डाग न्हाय. तुमची राखंची बोटं उमटल्यात, बगा."

मामंजी रागावले नाहीत. बराच वेळ मासा उलटापालटा करत बसले. मला वाटलं, सुटले एकदाची. मग ते उठले, चुलीपाशी गेले, दोन्ही हातांना राख चोळली आणि हौदातला शेवटचा धडधाकट मागूर मुठीत आवळून माझ्यापुढे धरला.

"ह्याच्यावर कुठं हायत बोटं?" त्यांनी विचारलं.