गार इंजिनाचं मिसिंग

त्या गाडीने माझ्या बऱ्याच सकाळी नासवल्या. तीस वर्षांची जुनी गाडी. आधीच्या मालकाने तिच्यात मोठ्या गाडीचं इंजिन बसवलेलं, रुंद टायर चढवलेले आणि सायलेन्सर असा की आमच्या मुरबे गावातली कुत्री आमच्या आळीत झोपायची बंद झाली. मी ती घरी आणली तेव्हा आईने कपाळावर हात मारला. मला मात्र तिचं वेड होतं. अजूनही तिची आठवण आली की मी हळवा होतो.

एका हिवाळ्यात ती सकाळी मिसिंग मारू लागली. चोक ओढून सुरू केली की चारातला एक सिलिंडर झोपलेला, गाडीभर थरथर. दहा मिनिटांत इंजिन तापलं की आजार गायब. कोळगावच्या कचेरीत पोचेपर्यंत तर ती अशी पळायची की तक्रार करायची लाज वाटावी.

मी प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला. इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरी एकेक करून काढून पाहिल्या. जी काढल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर चोर. पण चोर आज दुसरा निघायचा, उद्या चौथा. शेवटी बोईसरच्या मेकॅनिककडे गाडी रात्रभर ठेवली. सकाळी त्याने माझ्यासमोर गार इंजिन सुरू केलं. पहिल्या झटक्यात! "साहब, गाड़ी तो एकदम मस्त है. घर पे कौन डराता है इसको?" म्हणून हसला. मी चडफडत घरी आलो.

दुसऱ्याच सकाळी पुन्हा तेच. तेव्हा रविवारी गाडी सुरू करण्याआधीच मी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली. चारही प्लगना करंट तिथून वाटला जातो. आत पाण्याचे थेंब.

बाबा ओट्यावर बसले होते. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांना मासेमारीची बोट विकावी लागली, तेव्हापासून ते तिथेच बसून असत, बोलणंही कमी झालेलं. अलीकडे मात्र खुशीत दिसायचे. मला वाटलं, नवं औषध लागू पडलं.

"बाबा, इंजिनात पाणी कुठून आलं?"

"मीच मारतो ना रोज संध्याकाळी, तू आंघोळीला गेलास की. गोडं पाणी हाय. खारा वारा लोखंड खातो आपल्याकडं."

आमच्याकडची ही रीतच आहे. बोट किनाऱ्याला लागली की आधी इंजिन गोड्या पाण्याने धुवायचं, मग माणसांनी आंघोळ करायची. नळाला दिवसाआड पाणी, तरी बाबा गाडीसाठी एक हंडा बाजूला ठेवत होते. पण बोटीच्या डिझेल इंजिनाला प्लग नसतात, त्याला पाण्याचं काही वाटत नाही. माझ्या पेट्रोलच्या इंजिनाला वाटत होतं.

एवढं समजावून सांगायला हवं होतं. मी ओरडलो. "महिनाभर मी डोकं फोडतोय आणि तुमी पाणी ओतताय? पुन्हा हात लावू नका तिला!"

ते म्हणाले, "नाय लावत."

दोन दिवसांनी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मी मुद्दाम रेस देऊन त्यांना ऐकवलं. त्यांनी ओट्यावरून मान हलवली. त्यानंतर संध्याकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो की ते जागचे हललेले नसायचे.

पुढे दीड वर्ष गाडी सुरेख चालली. त्याच दीड वर्षात बाबा गेले. पुढे मी गाडीही विकली.

परवा मनोरच्या बाजारात पेट्रोलची एक जुनी जीप बॉनेट उघडून उभी होती. मालकाने डिस्ट्रिब्युटरवर दुधाची रिकामी पिशवी ओढून वर रबर लावला होता, इंजिन धुताना आत पाणी जाऊ नये म्हणून. मी भर बाजारात रडलो. दुधाची पिशवी आमच्या घरी रोज यायची.