अंगठ्याला जागलेला माणूस

निवृत्तीनंतर बरेच गुन्हे डोक्यातून पुसले गेले. कौलांचं प्रकरण मात्र पुसलं जात नाही. दोन हजार सोळाची दिवाळी नुकतीच झाली होती आणि डहाणू-तलासरी पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना जीप चालवणाऱ्या आमच्या खबऱ्याचा फोन आला. कासा बाजारात एक म्हातारा टेम्पोभर जुनी कौलं मिळेल त्या भावाने विकत होता. कौलं चोरीला गेल्याच्या दोन तक्रारी आमच्याकडे पडून होत्या, त्यामुळे माझे कान टवकारले.

दोन पंच बोलावले, पंचनामा केला, माल जप्त केला आणि म्हाताऱ्याला ठाण्यात आणलं.

"कौलं कोणाच्या घराची?"

"माझ्या."

"मग विकतोस कशाला?"

"घर मोडलं."

"का मोडलं?"

"मोडायला लागलं."

माझा पारा चढला. टेबलावर हात आपटून झाला, दरडावून झालं. खरं म्हणजे खोटं बोलणारा माणूस भरभरून बोलतो, न विचारलेलंही सांगतो, हे मी वीस वर्षं पाहत होतो. हा विचारलं तेवढंच बोलत होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण चोर सापडल्याच्या आनंदात अक्कल गहाण पडली होती.

आमचा हवालदार त्याच भागातला. तो गुपचूप पाड्यावर जाऊन आला. "साहेब, घर त्याचंच आहे," तो म्हणाला. "कुडाच्या भिंती उभ्या आहेत, वर आभाळ. म्हातारी आणि पोर अंगणात साडीचा आडोसा बांधून बसल्यात. पोर सात महिन्यांची गरोदर आहे."

मग मी म्हाताऱ्यासाठी चहा मागवला आणि त्याला बाकावर बसवलं. "बाबा, सगळं सांगा."

त्याच्या मुलीचं पहिलं बाळ पाड्यावरून दवाखान्यात नेताना जीपमध्येच गेलं होतं. यंदा ती बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा म्हाताऱ्याने मनाशी ठरवलं की या खेपेला दवाखान्याजवळ राहायचं. डहाणूला टेबल टाकून अर्ज लिहून देणारा एक जण त्याला भेटला. दवाखान्याजवळच, डहाणूलगतच्या मसोलीत गरिबांना कमी भाड्याच्या सरकारी खोल्या मिळणार आहेत, पंधरा दिवसांत काम होईल, असं त्याने सांगितलं. पैसे घेऊन अर्ज भरला आणि वाचूनही दाखवला. त्यात लिहिलं होतं, माझं किंवा माझ्या कुटुंबाचं कुठेही घर नाही. म्हाताऱ्याने अंगठा दिला.

"घरी आलो तर घर उभं, साहेब," तो म्हणाला. "अंगठा खोटा पडला असता. म्हणून मोडलं."

ठाणे अंमलदार लिहिता लिहिता थांबला. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघालो होतो आम्ही.

दुसऱ्याच दिवशी तो अर्ज लिहिणारा उचलला. त्याच्या पेटीत अंगठे उमटलेल्या अर्जांचा गठ्ठा होता. अर्ज भलत्याच शहरातल्या योजनेचे, झेरॉक्स काढलेले. मसोलीत खोली नव्हती की खोलीचा पायाही नव्हता.

"साहेब, तो कॉलम सगळेच तसा भरतात," तो म्हणाला. "त्यासाठी कोणी घर पाडतं का? मला काय माहीत!"

फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. वरिष्ठांनी शाबासकी दिली आणि मी ती घेतली.

पण कौलं ठाण्याच्या आवारातच होती. जप्त माल कोर्टाच्या हुकुमाशिवाय परत देता येत नाही. मी अर्ज टाकला, मग बंदोबस्त आले, तारखा पडल्या. हुकूम आला तोवर जानेवारी उजाडला. म्हाताऱ्याला बोलावलं आणि हवालदाराने त्याला सुपुर्दनामा भराभर वाचून दाखवला: माल आहे त्या स्थितीत ठेवीन, फेरफार करणार नाही, कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन. म्हाताऱ्याने हात जोडून ऐकलं आणि अंगठा दिला. टेम्पो गेला आणि माझ्या टेबलावरची एक फाइल कमी झाली. मला बरं वाटलं.

तीन आठवड्यांनी म्हाताऱ्याला साक्षीचं समन्स बजावायला हवालदाराबरोबर मी स्वतः पाड्यावर गेलो. जांभळीखाली कौलं पेंढ्यात नीट रचून ठेवली होती. घर तसंच उघडं होतं. कुडाला टेकून निळं प्लास्टिक ताणलेलं, त्याखाली मुलगी भिंतीकडे तोंड करून निजली होती.

"अजून चढवली नाहीत?" मी ओरडलो. ओरडायची माझी जुनी खोड.

"तुमच्यासमोर अंगठा दिला ना," म्हातारा म्हणाला. "आहे तशी ठेवीन म्हणून. कोर्टाने मागितली तर काय दाखवू?"

डायरीचं पान फाडलं आणि गुडघ्यावर धरून लिहिलं, 'कौले घरावर चढवण्यास हरकत नाही.' खाली सही केली, हुद्दा लिहिला. असा कागद देण्याचा मला कसलाही अधिकार नव्हता. म्हाताऱ्याने तो हवालदाराकडून दोनदा वाचून घेतला आणि घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला.

"चढवतो," तो म्हणाला. "पण आता घाई नाही, साहेब. नात परवा गेली. थंडी बाधली तिला."

आरोपीला पुढे शिक्षा झाली. तपासात कुठे चूक निघाली नाही आणि सुपुर्दनाम्यातला शब्दन् शब्द कायद्याला धरून होता. आजही तो कागद आठवला की जेवण जात नाही. त्यानंतर कोणाचाही अंगठा घेण्याआधी कागद मी स्वतः वाचून दाखवायचो आणि समोरच्याला विचारायचो, "आता घरी जाऊन काय करणार, ते मला सांगा." सहकारी हसायचे, मास्तर म्हणायचे. खोटं बोलणाऱ्याला कसं पकडायचं, ते मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. सांगितलेलं सगळं खरं मानणारा माणूस समोर आला तर काय करायचं, हे मी त्या म्हाताऱ्याच्या घरावर शिकलो. त्या नातीचं बारसं झालं होतं का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.