तीन आत, सात बाहेर

आमच्या प्रयोगशाळेत काचेचे केसाएवढे तंतू जोडतात ते जोडकाका. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन इथे आले, दरवर्षी नवं कंत्राट. यंदा ते मिळणार की नाही, हे प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंच्या प्रयोगावर होतं. अनुदान देणाऱ्या समितीला पटला तर प्रयोगशाळा चालू, नाहीतर बाईंसकट आम्हा दोघांची गच्छंती.

प्रयोग असा: तंतूत प्रकाशाचे तीन रंग सोडायचे. एकात निरोप, बाकीचे दोन नुसते जोर लावणारे. जोर पुरेसा असला की तंतूच्या आतच नवे चार रंग तयार होतात आणि निरोपाची नक्कल त्या चौघांवरही उमटते. मधे विजेचं यंत्रबिंत्र काही नाही. बाईंनी मला हे कितीदा तरी समजावलं. मी दर वेळी कळल्यासारखा चेहरा केला.

समितीच्या दिवशी काका सकाळी आठलाच हजर. पडद्यावर दर रंगाची एक, अशा सात रेघा पाहून त्यांचं टाळकंच सरकलं. आत तीन आणि बाहेर सात? टेलिफोन खात्यात असली भेसळ दिसली की ते हात धुऊन मागे लागायचे. त्यांनी प्रकाशाचा जोर थोडा थोडा कमी केला, सवयीने प्रत्येक आकडा वहीत टिपला, आणि तीनच रेघा उरल्यावर खुशीत चहाला गेले.

समिती आली. पडद्याकडे बघून बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

“चार फालतू रेघा होत्या, बाई,” चहाहून परतलेले काका म्हणाले. “घालवल्या.”

मला काकांचा राग आला आणि कीवही. बाईंनी जोर वाढवला, रेघा परतल्या. समितीतल्या एका चष्मेवाल्यांनी विचारलं, “नक्कल उमटायला कमीत कमी किती जोर लागतो?”

बाईंनी ते मोजलंच नव्हतं. काकांनी वही पुढे केली. “कुठली रेघ किती जोराला गेली, ते यात आहे.”

चष्मेवाल्यांनी ते पान दोनदा वाचलं.

आठवड्याने काकांच्या नव्या कंत्राटाचं पत्र आलं. काका ते घेऊन माझ्या टेबलाशी उभे राहिले.

“जन्मभर ज्याला बिघाड म्हणून हाकललं, ते इथे हवंय म्हणतात. मग मी तिकडे काय करत होतो?”

“तिकडे तो बिघाडच होता, काका.”

“आणि इथे?”

काकांनी पत्राची घडी खिशात ठेवली.

“उद्या आल्यावर किती रेघा ठेवायच्या, तेवढं तूच बाईंना विचार,” ते म्हणाले. “मला आता विचारवत नाही.”