ओट्यावरची गाय

शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते संध्याकाळच्या धारेचं. मी वासरू धरलं, बायकोनं स्टुलावर बसून धार काढली. गाय ओट्यावर, ती खाली. आमच्या देवणी भागात गाई लई, पण ओट्यावर चढून धार देणारी आमची एकटीच.

त्याचं असं झालं. बायकोच्या खुब्याचा गोळा वाळला होता. नांदेडला तो काढून नवा सांधा बसवला. ती चालायला लागली, पण डॉक्टरनं बजावलं, मांडी घालायची न्हाई, उकिडवं बसायचं न्हाई. मग धार कशी काढावी? मी गोठ्यात दगडमातीचा ओटा घातला अन् गाईला वर चढायला शिकवलं.

"आवो, आता म्हशीला माडीवर न्या," म्हणून ती लई दिवस हसली.

पुष्कळ वर्षं निभावलं. मग जांघेत दुखायला लागलं, पाय ओढायला लागली. लातूरच्या डॉक्टरनं फोटो बघून सांगितलं, आतली वाटी झिजलीय, पुन्हा उघडावं लागंल. मला वाटलं, या वयात ही आता खाटेवरच. ती म्हणाली, "मी यायच्या आत गाय विकली तर बघा!"

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरनं निघालेली वाटी दाखवली. प्लास्टिकची, अर्ध्या मोसंबीएवढी. चपलेची टाच झिजते तशी एका अंगानं पातळ. चालून चालून झिजवली बाईनं!

"ही आतली," डॉक्टर म्हणाला. "बाहेरची धातूची तशीच ठेवली. हाडानं तिला असं धरलंय की हलत नाही."

"लोखंडाला हाड धरतं?"

"लोखंड नाही बाबा, दुसरा धातू. पण धरतं. त्याच्यात शिरून वाढतं."

माझे हात तिथंच जुळले. डॉक्टरला न्हाई, त्या हाडाला. म्हातारं हाड, अन् परक्या धातूला आपलं म्हणून धरून बसलंय. अजून मला ते उमगत न्हाई.

ती वॉकर धरून आली, मग काठीवर, मग पुन्हा स्टुलावर. त्या पायानं पुढं कधी दगा दिला न्हाई. दगा छातीनं दिला. त्या संध्याकाळी धार झाली, जेवण झालं, अन् दवाखान्याची गाडी येईस्तोवर ती गेली.

सकाळी अंगणात माणसं जमलेली. गाय आपली आपण ओट्यावर चढून उभी. सून म्हणाली, "मामा, तुम्ही बसा. शेजारचे काढतील."

ऐकलं न्हाई. माझे गुडघे धड हायेत. ओट्यावर चढून उकिडवा बसलो. गाईनं पाय झाडला.

मग खाली उतरलो. तिचं स्टूल ओढलं, मुलाला वासरू धरायला लावलं, अन् तिच्यासारखं डोकं गाईच्या पोटाला टेकून धार काढली.